राणी पाहिली का, सुमन?

अक्का, आज सातवा दिवस. घरात बसवत नाही, अंगणात उभं राहवत नाही. सकाळपासून जांभळाखाली तुमच्या मधमाशांच्या पेट्यांपर्यंत पाच चकरा झाल्या. मघाशी दादा म्हणाले, "सुमनबाई, जरा एका जागी टेका की." दादा तुमचे मालक, माझे थोरले दीर, एरवी माझ्याशी वर्षातून दहा वाक्यंही बोलत नाहीत. त्यांनाही बघवेना, म्हणजे बघा. मग ही शाळेची वही उघडून ओट्यावर बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "झालं! मास्तरीणबाईंचं लिवणं सुरू झालं."

येणारा प्रत्येक जण तुमचं कौतुक करतोय. लई मायाळू होत्या, कधी कुणाला वाकडं बोलल्या न्हाईत. मी ऐकते आणि मान हलवते. वाकडं बोलल्या न्हाईत म्हणे! वीस वर्षं मी तुमची धाकटी जाऊ. माझ्या चहाला तुम्ही पहिल्या दिवसापासून 'नांदेडचं गरम पाणी' म्हणत आलात. मी पेटीजवळ सेंट लावून आले म्हणून हातातली धुरीची नळकांडी रोखून मला विहिरीपर्यंत पळवलंत. हे कुणी सांगत नाही. मेल्यावर माणसाचा सगळे मिळून गुळाचा गणपती करतात. मला माझी भांडकुदळ अक्का पाहिजे.

कालच्या नाही, त्याआधीच्या रविवारी तुमचा फोन आला. मी भांडी घासत होते, ओल्या हातानं उचलला. "सुमन, राणीघरं धरायला लागल्यात बघ. थोरल्या पेटीतून फोडलेल्या लेकपेटीत तीन, कोपऱ्यातल्या पेटीत दोन. अजून कवळी हायत. पुढच्या रविवारी ये, दोन्ही फोडू. रिकाम्या पेट्या धुऊन मेण लावून ठिवल्यात." मी म्हटलं, शाळेत परीक्षेचं चालू आहे, बघते. तुम्ही म्हणालात, "बघते न्हाई, ये. माशी काय तुझ्या परीक्षेची वाट बघून राहिली का?"

मंगळवारी सकाळी तुम्ही चहाचा कप हातात घेऊन ओट्यावर बसलात आणि उठलाच नाहीत.

मी आले ती तुमच्या रविवारच्या आधीच आले. नांदेडहून मुखेड, मुखेडहून जळकोट, फाट्यावरून पायी. तुमचं तोंड पाहिलं, रडले, बायकांनी धरलं. आणि अक्का, खरं सांगते, रडता रडता मला जांभळाकडून गुणगुण ऐकू येत होती आणि मी मनात दिवस मोजत होते. रविवारी अंडं, तिथून आठ दिवस. म्हणजे येता रविवार, फार तर सोमवार. स्वतःचीच लाज वाटली. पण बोटं मोजतच होती.

हे मोजणं तुम्हीच शिकवलंत. पहिल्या वर्षी पोळ्याच्या खालच्या काठाला शेंगेसारखं लोंबणारं एक घर दाखवलंत. "हे राणीघर. ह्याचं तोंड बुजलं की म्हातारी राणी थांबत न्हाई. निम्म्या माशा घेऊन जाते. ऱ्हायलेलं घर लेकीला." मी शिकलेली, लगेच वाद घातला. जायचं तर जाऊ द्या की, त्यांचा स्वभावच आहे, तुम्ही कशाला अडवता? तुम्ही पोळ्याची चौकट अलगद पेटीत सोडत म्हणालात, "अडवते कुठं? आपूनच दुसरी पेटी करून द्यायची. म्हातारीला तिकडं बसवायचं, चार चौकटी द्यायच्या. तिला वाटतंय आपून घर सोडलं. माझ्या जांभळाखालीच ऱ्हाती की." मी म्हटलं, ही तर फसवणूक झाली. "व्हय, झाली. भादव्यात तुला मध लागतो का न्हाई चहात? मग गप."

हा वाद आपला कधी मिटलाच नाही. दर माघात मी काढायची आणि तुम्ही मला गप करायचात.

पण मला तेव्हा सुचलं नाही ते आता सांगते. लग्नानंतर मला डी.एड. करायचं होतं, नांदेडला राहायचं होतं, तेव्हा सासूबाई महिनाभर जेवल्या नाहीत धड. घर फुटतंय म्हणाल्या. तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "फुटंना का आत्या. दोन घरं झाली तर आपल्याला शहरात एक घर होईल." आणि माझ्या वाटणीचं शेण, पाणी, निंदणी सगळं तुम्ही ओढलंत. तीन वर्षं. मी कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणतच नाहीत ना. पण तुम्हाला एक सुती पातळ तरी आणायला हवं होतं मी, पहिल्या पगारात. आणायचं राहिलं. मी ह्यांना मनगटी घड्याळ घेतलं.

तर पेट्यांचं. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर मी दादांना म्हटलं, "रविवारी पेट्या उघडाव्या लागतील." ते म्हणाले, "सुतकात? देवाच्या अभिषेकाला जातो तो मध. आईच्या वेळी हिनं बारा दिवस हात लावला न्हाई."  माझा तसा सुतकावर फार विश्वास नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या कुणाचा नियम असता तर मी जाळीची टोपी घालून सरळ पेट्या उघडल्या असत्या. पण हा नियम तुमचा होता. तुमच्याच सुतकात तुमचाच नियम मोडू? तो जोर माझ्यात नव्हता.

आणि सासूबाईंच्या वेळी बारा दिवस पेट्या कुणी पाहिल्या होत्या, हेही मला ठाऊक होतं. दादांनी ते नाव घेतलं नाही. या घरात चार वर्षं ते नाव कुणी घेत नाही.

महानंदाबाई. आपल्या घरालगतच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा लागून त्यांचं शेत. माशांचं शिक्षण तुम्ही दोघींनी बरोबर घेतलंत, थोरल्या पेटीतलं पहिलं मोहोळ दोघींनी मिळून चिंचेच्या ढोलीतून काढलंत, अंगभर माशांचे काटे घेऊन आलात आणि दोघींची तोंडं सुजून एकसारखी झाली होती. दादा म्हणाले होते, "माझी कोणती ते सांगा."

आता ते सांगते जे तुम्हाला कधी सांगितलं नाही. पेन दोनदा खाली ठेवून झालं.

चार वर्षांमागं तुमच्या लेकीच्या, रेखाच्या बाळंतपणाला तुम्ही पुण्याला गेलात, सव्वा महिना. जाताना माझ्या हातात टोपी दिलीत. "दर रविवारी ये. मी नसताना पेटी फोडायची न्हाई, राणीघरंच तोडायची. पण राणी पाहायची आधी. राणी दिसली तरच राणीघरं तोडायची. न दिसली तर हात लावायचा न्हाई, मला फोन करायचा." मी म्हटलं, हो हो. दोन रविवार आले, सगळं नीट केलं. तिसऱ्या रविवारी आमच्या शाळेतल्या एका बाईंची वास्तुशांत होती. पुरणपोळी होती, अक्का. मी पुरणपोळी खायला गेले. संध्याकाळी तुमचा फोन, "राणी पाहिली का, सुमन?" मी म्हटलं, "पाहिली."

चौथ्या रविवारी आले तर थोरल्या पेटीत पाच राणीघरं, तोंडं बुजलेली. पेटी हलकी वाटली मला. माशा कमी वाटल्या. पण मी काय म्हटलं मनात? चरायला गेल्या असतील. घाबरले होते ना मी. एक रविवार चुकवलेला, तो भरून काढायची घाई. चौकटी भराभर वर काढल्या, राणी शोधली नाही, पाचही घरं चिमटीनं तोडली. तुमची राणी तर तीन-चार दिवसांमागंच उडून गेली होती. मी तिच्या लेकी मारल्या. संध्याकाळी फोन. "राणी पाहिली का?" "पाहिली. राणीघरंही तोडली." "शाबास गं माझी बाई."

पाचव्या रविवारी परत राणीघरं. बिचाऱ्यांनी उरल्यासुरल्या अळ्यांमधून पुन्हा राणी करायला घेतली होती. मी तीही तोडली. वर कपाळावर आठ्या घालून म्हटलं, किती हट्टी! सहाव्या रविवारी पेटी शांत. नवं राणीघर नाही, धावपळ नाही. मला बरं वाटलं. सुटले म्हटलं.

तुम्ही आलात तेव्हा पेटीत मूठभर माशा, पोळ्याला मेणकिडा. आणि त्याच आठवड्यात महानंदाबाईंच्या मालकांनी करडईवरच्या माव्याला फवारणी केली होती. पेट्यांपुढं मेलेल्या माशा पडल्या होत्या, थोड्याफार दर पेटीपुढं. तुम्ही एकदा माझ्याकडं पाहिलंत. फक्त एकदा. "सुमन, राणी होती ना गं?" तिथं जर मी बोलले असते! मी मान हलवली. मग तुम्ही तश्शाच धुऱ्यावर गेलात. "माझ्या लेकीसारख्या माशा मारल्यात तुमी!" महानंदाबाई म्हणत होत्या, दिवस मावळल्यावर फवारलं, अक्का, शपथ घिऊन सांगते. तुम्ही म्हणालात, "माझी जाऊ शिकलेली हाय. तिनं पाहिली म्हणल्यावर पाहिलीच. ती काय खोटं बोलती का?"

मी मागं उभी होते. तुमच्या पाठीमागं, सात-आठ पावलांवर.

मग चार वर्षं तुम्ही दोघी बोलला नाहीत. संक्रांतीचं वाण नाही, हरभऱ्याची पेंढी नाही. गावात त्यांच्या मालकांचं 'माशा मारणारा' म्हणून नाव पडलं ते पडलं. मी दर सुट्टीत आले की ठरवायची, आज सांगते. एकदा तुम्ही शेंगा फोडत होतात, मी म्हटलं, "अक्का, त्या वेळचं एक..." तुम्ही म्हणालात, "त्या बाईचं नाव काढू नगं." आणि मी खूश झाले, अक्का. मला कारण मिळालं गप राहायचं. असली मी.

त्या दिवशी तुमच्या मातीला महानंदाबाई आल्या होत्या. घरापर्यंत आल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, पदर तोंडात धरून, आणि सगळे निघाले तसे मागच्या मागं निघून गेल्या.

शनिवारी कोपऱ्यातल्या पेटीच्या तोंडाशी माशा लोंबायला लागल्या. कामाला जाईनात, म्हणजे उडून जायच्या बेतात. मी पाहून घरात आले, परत गेले, परत आले. रेखा म्हणाली, "काकू, गेल्या तर गेल्या, आईच गेली." पोर बरोबरच बोलत होती. पण मला ते चालणार नव्हतं. तुमच्या हातानं धुतलेल्या दोन पेट्या जांभळाखाली तोंड उघडून बसल्या होत्या. आणि या वेळी रविवार चुकला असता तर तो मी दुसऱ्यांदा चुकवला असता.

काल सकाळी दहाच्या सुमाराला धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. सुतकात दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, म्हणून तिथूनच हाक मारली. महानंदाबाई खळ्यावर धने पाखडत होत्या. उठून आल्या, धुऱ्याच्या त्यांच्या बाजूला थांबल्या. मध्ये हातभर गवत.

मी विचार केला होता, आधी पेट्यांचं सांगू, मग हळूहळू त्या वर्षीचं. तोंडातून निघालं उलटंच. "थोरली पेटी फवारणीनं नाही मेली. मी मारली." आणि मग सगळं. पुरणपोळीसकट.

त्या ऐकत राहिल्या. सूप हातातच. मग म्हणाल्या, "चार वर्सं." आणि परत, "चार वर्सं, बाई! रेखाचं लेकरू एवढं झालं, म्या त्याचं तोंड पाह्यलं न्हाई. अक्काच्या डोळ्याचं आपरेशन झालं, म्या लांबून बघून राहिले. ही धुऱ्याकडली करडई बघ." मी पाहिलं. चार ओळी माव्यानं काळ्या चिकट झालेल्या, उरलेलं शेत फुललेलं. "तवापासून मालक ह्या चार वळी फवारत न्हाईत. अक्काच्या माशा येतेत म्हणून. दर साली सोडतेत. ती बोलली न्हाई तरी." मग एकदम ओरडल्या, "मला कामून सांगायली आता? तिला सांगायचं व्हतंस ना! ती ऐकायला व्हती तवा तुझी जीभ काय झडली व्हती?"

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. जवळ आल्या नाहीत, गप्प बस म्हणाल्या नाहीत. बरंच झालं. मला कुणी समजूत घातलेली नकोच होती.

मग डोळे पुसून सांगितलं, राणीघरं आठ दिवसांची झालीत, आम्हाला हात लावता येत नाही.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "कोणच्या पेटीत?"

"थोरलीच्या लेकीत तीन, कोपऱ्यात दोन."

"तेराव्याला पंगत बसली की उठून बोलायचं तू. सगळ्यांम्होरं. फवारणीनं न्हाई, माझ्या हातानं मेली म्हणून. मालकांचं नाव घिऊन सांगायचं."

"सांगते."

"दादाम्होरं बी?"

"दादांपुढंही."

"हाव," म्हणाल्या. "चल मग. माशांचा काय गुन्हा हाय ह्याच्यात."

अक्का, चार वर्षांनी त्या तुमच्या जांभळाखाली आल्या. दादा ओट्यावरून पाहत होते. उठले, आतून तुमची टोपी आणि धुरीची नळकांडी आणून ओट्याच्या काठावर ठेवली आणि पाठ फिरवून बसले. महानंदाबाईंनी टोपी उचलली, आतून एकदा नाकाला लावली आणि मग घातली.

मी दहा पावलांवर थांबले. त्या झाकण काढता काढता म्हणाल्या, "तिथं काय करून राहिलीस? जवळ ये."

"सुतक आहे."

"हात नगं लावू. डोळ्याला कसलं आलंय सुतक?"

थोरलीच्या लेकीतली राणी दुसऱ्याच चौकटीवर सापडली. त्यांनी बघितली, मला सांगितलं, मी पोचेपर्यंत ती खाली गेली होती. नव्या पेटीत चार चौकटींसकट तिला बसवली. मग कोपऱ्यातली पेटी. तिच्यात सापडेना. एक चौकट, दोन, तीन, चार. राणीघरांची तोंडं बुजत आलेली, एक पुरतं बुजलेलं.  गेली म्हटलं. परत गेली. माझ्या तोंडून निघालं, "तोडू नका. ती घरं तोडू नका, राणी दिसेस्तोवर."

महानंदाबाईंनी टोपीच्या जाळीतून माझ्याकडं पाहिलं. "आता शिकलीस व्हय."

पाचव्या चौकटीवर त्या थांबल्या. चौकट उन्हाकडं तिरकी धरली, अगदी माझ्या तोंडासमोर, तुम्ही धरायचात तशी. "इथं बघ. नीट बघ. न्हाईतर परत पाहिली म्हणून सांगशील."

मी चष्मा पुसला. पुन्हा लावला. इतर माशांपेक्षा लांब, काळसर, पंख पाठीला आखूड. घाई नाही कसली. ती पुढं सरकली की बाकीच्या बाजूला होत होत्या, आणि एक जण सारखी तिच्या तोंडाला तोंड लावत होती.

तिलाही नव्या पेटीत बसवलं. चार पेट्या झाल्या तुमच्या जांभळाखाली. आज सकाळी पाचही चकरांत पाहिलं, सगळ्यांच्या माशा कामाला लागल्यात, निम्म्या महानंदाबाईंच्या करडईवर. संध्याकाळी त्या रेखाच्या लेकराला बघायला येणार आहेत, दारात नाही, धुऱ्यावर. तेराव्याला मी उठून बोलणार आहे.  पंधरा वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवून राहिलेय, एक दिवस मीही बोलते.

रविवार होता काल. संध्याकाळी फोनकडं तीनदा पाहिलं. तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते.

अक्का, राणी पाहिली. या वेळी खरंच पाहिली. खोटं वाटत असेल तर महानंदाबाईंना विचारा.